व्हॉल्व्ह स्प्रिंगा किलोमीटर पाहून बदलायच्या की दाब मोजून?

वरंधघाट
कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) बदललेला असला तरी इंजिन आवाज करीत नसेल, तर व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या मूळ स्प्रिंगा एक लाख किलोमीटरपर्यंत निर्धास्त चालवाव्यात, असे ‘करवीर १३००’ यांनी काल या मंचावर लिहिले. नवी मुले असे वाचून इंजिने फोडतात, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

स्प्रिंग ढिली पडल्याचा आवाज बहुधा येतच नाही. इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरताना गाडी खेचेनाशी होते, मिसफायर होते (इंधन नीट जळत नाही) आणि मालक कॉइल, प्लग, इंधनपंप बदलत बसतो. व्हॉल्व्हला कॅमच्या मागोमाग ठेवण्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जिप्सीच्या १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हच्या इंजिनाची फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला ६५०० वरून ७२०० वर नेली, तर फेऱ्या जेमतेम ११ टक्के वाढतात, पण हे बल सुमारे २३ टक्के वाढते. हा फरक किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही.

माझा निकष असा आहे की, स्प्रिंग हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) ज्या उंचीवर बसते त्याच उंचीपर्यंत दाबून ती किती किलो दाब देते ते पाहावे, आणि पहिल्या नोंदीपेक्षा १० टक्के घट दिसली तर संपूर्ण संच बदलावा. कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर) किंवा रेव्ह लिमिट (फेऱ्यांची मर्यादा) वाढवली, तर गाडी कालच शोरूममधून आलेली असली तरी हा विचार पुन्हा करावा. घाट उतरताना चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला असेल, तरीही मोजणी करावी. ही मर्यादा पाळणारा लिमिटर इंधन तोडतो, पण चाकांनी फिरवलेले इंजिन त्याला आवरता येत नाही.

करवीर १३००
आपण माझे अर्धेच वाक्य उचलले आहे. मी सौम्य कॅमबद्दल आणि मूळ रेव्ह लिमिटबद्दल लिहिले होते. माझी एस्टीम त्याच स्प्रिंगांवर वर्षानुवर्षे कोल्हापूर ते गोवा धावते आहे आणि तिची ओढ तसूभरही कमी झालेली नाही.

माझा खरा राग वेगळाच आहे. कॅम घ्यायला गेलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात कडक स्प्रिंगांचा संच मारला जातो. माझ्या धाकट्या भावाच्या गाडीत एका गॅरेजने असाच संच बसवला आणि काही महिन्यांतच कॅमचे लोब (उंचवटे) व रॉकरचे (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या तरफेचे) तोंड खरवडून निघाले. त्या लोखंडाच्या चुऱ्याने बेअरिंगांचीही वाट लावली. गरजेपेक्षा जास्त दाबाने होणाऱ्या या नुकसानाबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेले नाही.

हेडवर्क_नाशिक
तुमचा दोघांचाही वाद मला वायफळ वाटतो. हेड उतरवण्याची मजुरी आणि गॅस्केटचा खर्च एकदा झाला की नव्या स्प्रिंगा न घालणे हा शुद्ध कंजूषपणा आहे. मी ग्राहकाला विचारत नाही, संच बदलूनच देतो. मोजत बसण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात दुसरे हेड तयार होते.

वरंधघाट
हेच मला सर्वांत जास्त खटकते. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कापली की व्हॉल्व्ह आत बसतो, त्याचा दांडा वर येतो आणि स्प्रिंगची बसण्याची उंची वाढते. स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला ४ किलो आणि बसलेल्या स्थितीतला दाब २५ किलो धरला, तर एक मिलिमीटर उंची वाढताच ४ किलो, म्हणजे १६ टक्के दाब गेला. तोही कोऱ्या स्प्रिंगेचा. खाली योग्य जाडीची शिम (पातळ चकती) कोणती घालायची, हे न मोजता तुम्ही कसे ठरवता? पूर्ण लिफ्टला स्प्रिंग गच्च मिटण्याआधी दीड मिलिमीटर तरी जागा उरते का, हेही पाहावेच लागते.

नवी म्हणजे निर्दोष असेही नाही. सुबारू आणि टोयोटा यांनी २०१८ मध्ये सुबारूची बीआरझेड आणि तिच्या जुळ्या टोयोटा गाड्या परत बोलावल्या, त्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा तुटण्याच्या भीतीनेच.

बूस्ट_पिंपरी
टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) विषय कोणीच काढला नाही. इनटेक व्हॉल्व्हचा (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) व्यास ३० मिमी असेल, तर ०.६ बार बूस्ट (टर्बोचा जादा दाब) त्याच्या पाठीवर सुमारे ४.३ किलो बल लावतो. २५ किलोंतून तेवढे वजा करा. टर्बो लावला त्याच दिवशी स्प्रिंगा बदलल्या पाहिजेत, मोजणीची गरजच नाही.

करवीर १३००
हे गणित अर्धवट आहे. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा सिलिंडरमध्येही जवळपास तेवढाच दाब भरलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजू बऱ्याच अंशी समतोल होतात. ते ४.३ किलो त्या क्षणी वजा होतच नाहीत.

बूस्ट_पिंपरी
एक्झॉस्ट स्ट्रोकच्या वेळी सिलिंडरमधला तो दाब कुठे असतो? शिवाय एक्झॉस्टकडे, म्हणजे जळालेला वायू बाहेर जातो त्या बाजूकडे पाहा. टर्बाइनच्या (त्या वायूने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या) आधीचा दाब बूस्टहून जास्त असू शकतो आणि इनटेक स्ट्रोकमध्ये तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू पाहतो. टर्बोची गाडी न बाळगणाऱ्यांनी टर्बोवाल्यांना शिकवू नये.

करवीर १३००
माझ्याकडे काय आहे यावरून भौतिकशास्त्र बदलत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मी मानतो. पण मग दाब दोन्ही बाजूंनी मोजून त्यानुसार स्प्रिंग निवडा. डोळे मिटून सर्वांत कडक संच कशाला घेता?

हेडवर्क_नाशिक
सीट कापल्यावर उंची मोजायला हवी, हे वरंधघाट यांचे म्हणणे नाइलाजाने मान्य करतो. तरी जुन्या स्प्रिंगा मी परत बसवणार नाही; तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर पडतो आणि ग्राहक माझ्याच दारात येतो.

वरंधघाट
नव्या स्प्रिंगाही इंजिन पहिल्या काही वेळा गरम होऊन थंड होताना थोडा दाब सोडतात, म्हणून तुलनेसाठीची पहिली नोंद त्यानंतरची धरावी. करवीर, तुम्हाला हेड उतरवावे लागणार नाही. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरून पिस्टन वर आणला, की व्हॉल्व्ह जागच्या जागी राहतात आणि रॉकर शाफ्ट काढून स्प्रिंगा सोडवता येतात.

करवीर १३००
येत्या सर्व्हिसला एका सिलिंडरच्या स्प्रिंगा काढून मोजेन. मूळ आकड्यापेक्षा घट १० टक्क्यांहून कमी निघाली, तर त्याच परत बसवेन, आणि प्रत्येक कॅमबरोबर स्प्रिंगा घेतल्याच पाहिजेत हे त्यानंतरही मान्य करणार नाही.