कुत्र्याची शी उचलायची कोणी? आईची व्हीलचेअर रोज त्याच फुटपाथवरून न्यावी लागते

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

माझी आई ७४ वर्षांची आहे, खुब्याच्या ऑपरेशननंतर दीड वर्ष झालं व्हीलचेअरवर आहे. रोज संध्याकाळी मी तिला आमच्या गल्लीतून बागेपर्यंत नेतो. थोडं अंतर ती स्वतःच चाकं फिरवते, फिजिओने सांगितलंय की खांद्यांना व्यायाम होतो. ज्यांनी व्हीलचेअर जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, चाकाच्या बाहेरच्या अंगाला एक गोल स्टीलची दांडी असते, ती हाताने पकडून पुढे ढकलायची असते. टायर आणि त्या दांडीत जेमतेम दोन बोटांचं अंतर असतं. म्हणजे टायरला जे लागतं ते हाताला लागतंच.

गेल्या गुरुवारी तेच झालं. डीपी बॉक्सच्या बाजूला कुणाच्या तरी कुत्र्याने केलं होतं, संध्याकाळची वेळ, लाईट लागले नव्हते, मला दिसलंच नाही. आई काही बोलली नाही. बागेत पोचल्यावर बघतो तर ती उजवा हात अंगापासून लांब धरून, तळवा उघडा ठेवून बसलेली. चष्मा नाकावरून घसरलेला पण तो सरळ करायलाही हात नेत नव्हती. बाटलीतलं पाणी घातलं, मग शेजारच्या दुकानदाराकडून साबण मागून आणला. घरी येताना म्हणाली, "उद्यापासून मी घरीच बसते रे, तुला त्रास."

मला कुत्र्यांचा राग नाही. चिपळूणला आमच्या घरी कायम कुत्रा होता, पण तिथे वाडीभर जागा होती, इथे चार फुटांचा फुटपाथ आहे, त्यातले दोन फूट बाईकवाल्यांनी घेतलेत. सकाळी साडेसहाला झाडूवाल्या मावशी येतात, त्या दोन पुठ्ठ्यांच्या तुकड्यांनी हे सगळं उचलतात, ते बघून आणखीच वाईट वाटतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, यावर काही नियम आहे का? दोन, भांडण न होता लोकांशी बोलायचं कसं? आमच्या गल्लीत पट्ट्याने फिरवली जाणारी निदान सात-आठ कुत्री आहेत आणि मालक बहुतेक सगळे ओळखीचेच आहेत.

नियम_बघा

आधी आईंना सांगा घरी बसू नका म्हणून. त्यांनी का घरी बसायचं?

नियमाचं म्हणाल तर मुंबईत आहे. महापालिकेचे २००६ चे स्वच्छतेचे उपविधी आहेत, म्हणजे थुंकणं, कचरा टाकणं वगैरेचे दंड ज्यात आहेत तेच, त्यात पाळीव प्राण्याने सार्वजनिक जागी केलेली घाण मालकाने उचलली नाही तर ५०० रुपये दंड ठरवला होता. तक्रार वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाकडे करायची. तोंडी सांगून काही होत नाही, लेखी द्या, जागा आणि वेळ लिहा (डीपी बॉक्सजवळ, संध्याकाळी अमुक ते अमुक, असं) आणि पोच घ्या.

सोसायटीच्या आवारातलं प्रकरण मात्र वेगळं, आणि इथे बऱ्याच कमिट्या चुकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, त्याप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरली म्हणून पैसे लावता येत नाहीत, आणि शी उचलली नाही म्हणून सोसायटीने आपल्याच मनाने दंड लावणंही त्यात बसत नाही, विनंती करता येते. त्याच परिपत्रकात मालकांनाही सांगितलंय की आपल्या प्राण्याची घाण आपण उचला. आमच्या एजीएममध्ये यावरून दोन तास वाद झाला होता, एका बाजूचे लोक पहिलं अर्धंच वाचत होते आणि दुसऱ्या बाजूचे दुसरं. तुमचा प्रश्न फुटपाथचा आहे, तिथे महापालिकेचाच नियम लागतो.

लॅबवाली_ताई

दादा, तुमच्या आईंचं वाचून खरंच कसंतरी झालं. माझ्याकडे सहा वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे, म्हणजे शी किती असते ते मला चांगलंच माहितीये 🙏

कुत्रा पाळणाऱ्यांच्या बाजूने एक सांगते, कारण बाहेरून हे लक्षात येत नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत कुत्र्याला मालक फिरवतच नाही. सकाळी एक मुलगा येतो, चार-पाच बिल्डिंगमधली कुत्री एकदम घेऊन जातो, अर्ध्या तासाने परत आणतो. मालकाने आपल्या कुत्र्याला रस्त्यावर शी करताना कित्येक महिने पाहिलेलंच नसतं! आणि त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं, पिशवी दिलेली नसते, एका हातात चार पट्टे असताना तो वाकणार कसा हाही प्रश्नच आहे. म्हणून त्या मुलावर ओरडू नका. बेल मारून मालकाशी बोला. पट्टा कुणाच्याही हातात असू दे, कुत्रा त्यांचा आहे.

उचलणं अजिबात अवघड नाही, मी कसं करते ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. रोजचं वर्तमानपत्र, अर्ध्या पानाच्या चार घड्या करून चार-पाच तुकडे पट्ट्याच्या हातात धरायचे. कुत्रा शीच्या आधी नेहमी तेच करतो, जमीन हुंगतो, दोन-तीन गोल फेऱ्या मारतो, मग पाठीची कमान करतो. कमान झाली की शांतपणे मागून कागद खाली सरकवायचा. पहिले काही दिवस ती दचकून उठायची, आता कागद आला नाही तर मागे वळून बघते. सगळं कागदावर पडतं, जमिनीला लागतही नाही. चारी कोपरे वर घेऊन पुडी बांधायची आणि घरी आणायची. घरी आतलं संडासात टाकून फ्लश, आणि कागद वेगळा गुंडाळून, लहान बाळांचे डायपर देतो तसा. ओल्या कचऱ्यात नाही टाकायचं, तो कचरा कुणीतरी हाताने निवडत असतं.

आणि प्लीज प्लीज पिशवीत भरून, गाठ मारून ती पिशवी झाडाच्या बुंध्याशी ठेवून जाऊ नका. हे हल्ली फार बघते. त्यापेक्षा उघड्यावर राहिलेली तरी पावसात विरघळते, ती प्लास्टिकची पुडी तशीच राहते.

सकाळचा_वॉकर

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. या गल्ल्यांमध्ये भटकी कुत्री किती आहेत? त्यांची कोण उचलतं? आठ पाळीव कुत्र्यांच्या मालकांना धरून फुटपाथ स्वच्छ होणार आहे का? टॅक्स आपण भरतो, सफाई महापालिकेचं काम आहे. आणि गावाकडे शेण पडलेलं असतं रस्त्यावर, त्याचं कुणी एवढं करत नाही, उलट खत होतं. मातीत केलं तर तिथल्या तिथे जिरतं. मी माझ्या कुत्र्याला झाडाच्या आळ्यातच नेतो, फुटपाथवर कधीच नाही, आणि मला वाटतं तेवढं पुरेसं आहे.

पशुवैद्य_सांगली

मी गुरांचा आणि कुत्र्यांचा डॉक्टर आहे, अठरा वर्षं प्रॅक्टिस झाली. मातीत जिरतं आणि खत होतं हे दोन्ही गैरसमज आहेत, आणि ते चांगल्या, काळजी घेणाऱ्या मालकांमध्येसुद्धा असतात म्हणून जरा नीट सांगतो.

गाय चारा खाते. कुत्रा मांस, अंडी, तयार खाद्य खातो, त्याची शी आणि शेण ही एकच गोष्ट नाही. गवतावर पडून राहिली तर तिथलं गवत पिवळं पडून जळतं. भाजीपाल्याच्या खतात तर ती कधीच घालू नये, घरच्या कंपोस्टच्या डब्यात जंतांची अंडी मरतील एवढी उष्णता भरवशाने तयार होत नाही.

मुख्य गोष्ट जंतांची. कुत्र्याच्या पोटात गोल जंत असतात, टोक्सोकारा म्हणतात. पिल्लांमध्ये तर फारच, कारण ते आईच्या पोटात असतानाच आणि नंतर दुधातून येतात. या जंताची अंडी शीतून बाहेर पडतात. ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, मातीत साधारण दोन ते चार आठवडे गेल्यावर ती बाधण्याजोगी होतात आणि मग महिनोन्महिने, कधी काही वर्षंसुद्धा तग धरतात. तोपर्यंत शी दिसेनाशी झालेली असते, जागा स्वच्छ दिसते, आणि एखादं दोन-तीन वर्षांचं पोर तिथे माती उकरून बोटं तोंडात घालतं. पोटात गेलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात, त्या अंगभर फिरतात, काही वेळा यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात जातात आणि नजर अधू होऊ शकते. दुसरा अंकुशकृमी, त्याच्या अळ्या ओल्या मातीतून थेट अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, मग कातडीखाली नागमोडी लाल रेघ उठते आणि भयंकर खाज सुटते.

म्हणजे झाडाच्या आळ्यात केलं तर फुटपाथ वाचतो, पण आळ्यातली माती हीच अंड्यांना सगळ्यात सोयीची जागा. त्याच दिवशी उचललं तर हा सगळा धोका तिथेच संपतो, कारण अंड्यांना तयार व्हायला वेळच मिळत नाही.

भटक्या कुत्र्यांचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. पण त्यांना मालक नाही, आपल्या कुत्र्याला आहे. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, पिल्लांना पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, डोस आपल्या डॉक्टरांना विचारून.

मुलुंडचे दादा, आईंचा हात साबणाने लगेच धुतलात ते बरोबर केलंत. ताजी असेल तर जंतांची फार काळजी करू नका, पण चाकाच्या खाचा ब्रशने धुवून उन्हात वाळवा, तिथे अडकून राहतं.

बर्लिनकर

मूळची ठाण्याची, गेली नऊ वर्षं बर्लिनमध्ये. इथे कुत्र्यावर टॅक्स असतो, पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, पुढच्या प्रत्येकाला १८०. त्यामुळे इथलेही काही लोक अगदी सकाळच्या वॉकर दादांसारखंच म्हणतात, टॅक्स भरतो मग साफ त्यांनी करावं. पण तो पैसा काही खास फुटपाथच्या सफाईसाठी राखलेला नसतो. आणि नुसता टॅक्स भरून सुटका नाही, कुत्रा घेऊन बाहेर पडलं तर जवळ पिशवी असलीच पाहिजे असाही नियम आहे. अंध व्यक्तींना यातून सूट आहे.

तरी शहर चकाचक आहे असं समजू नका. हिवाळ्यात बर्फाखाली दोन-तीन महिन्यांचं साठतं आणि मार्चमध्ये बर्फ वितळला की सगळं एकदम वर येतं, मुलीची बाबागाडी ढकलताना मी रडकुंडीला आले होते. न्यूयॉर्कने तर १९७८ सालीच कायदा केला, तिथेही तक्रारी आहेतच. माझ्या अनुभवात दंडापेक्षा जास्त उपयोग झाला तो आमच्या कोपऱ्यावर, अगदी कुत्री थांबतात त्याच जागी, पिशव्या आणि डबा ठेवल्याचा. इकडेतिकडे शोधायला लागलं की माणूस कंटाळा करतो.

सकाळचा_वॉकर

डॉक्टर, जंतांचं हे मला खरंच माहीत नव्हतं. आळ्यात केलं की प्रश्न मिटला असंच मी धरून चाललो होतो, आणि आमच्या खालच्या आळ्यात वॉचमनची दोन लहान मुलं दिवसभर खेळत असतात. उद्यापासून कागद नेतो. भटक्या कुत्र्यांबाबत मात्र महापालिकेने काहीतरी करायला हवं हे माझं म्हणणं कायम आहे.

मुलुंड_पूर्व

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे मनापासून आभार.

ताईंनी सांगितलं तसं बेल मारून बोललो. एकट्याने जायचा धीर होत नव्हता म्हणून आईलाच बरोबर नेलं, लिफ्टवाल्या बिल्डिंगी आहेत म्हणून जमलं. पहिल्याच घरी काकूंना तर काही कल्पनाच नव्हती, त्यांच्या बीगलला एक मुलगा फिरवतो. आईने फक्त चाकाची दांडी आणि आपला तळवा दाखवला, मला काही बोलावंच लागलं नाही. काकूंनी त्याच दिवशी त्या मुलाला बोलावून घेतलं, महिन्याचे दोनशे रुपये वाढवले आणि पट्ट्याला कागदाची पिशवी बांधून दिली. आता तो एका वेळी दोनच कुत्री नेतो. चार घरी असंच चांगलं झालं. एका घरी दार उघडून "आमचा नाहीच करत बाहेर" म्हणाले आणि दार लावलं, त्यांचा रॉटवायलर मी स्वतः पाहिलाय. एक घर अजून बाकी आहे. वॉर्ड ऑफिसला लेखी दिलंय, पोच आहे, अजून कुणी आलेलं नाही.

मावशींना विचारलं तर म्हणाल्या आधी रोज सात-आठ ठिकाणी असायचं, आता दोन-तीन. आई परत यायला लागली आहे, पण डीपी बॉक्स आला की अजून हात मांडीवर घेते आणि मला ढकलायला लावते.

आता कालपासून पाऊस लागलाय. काकूंच्या बीगलला फिरवणारा मुलगा विचारत होता, ओल्या रस्त्यावर कागद भिजून फाटतो आणि कधी कधी पातळ असते, ती कशी उचलायची? ताई, तुम्ही काय करता?

लॅबवाली_ताई

आईंना माझा नमस्कार सांगा 🙏 पावसात कागदाखाली दुधाची रिकामी पिशवी धरायची, कापून उघडी करून धुतलेली, म्हणजे कागद फाटत नाही. पातळ असेल तर मी एका डब्यात कोरडी माती नाहीतर लाकडाचा भुसा नेते, सुताराकडे फुकट मिळतो, वरून मूठभर टाकायचा, मिनिटभर थांबायचं, मग पुठ्ठ्याने गोळा होतं. उरलेल्या डागावर बाटलीतलं पाणी. आणि दोन दिवसांच्या वर पातळ राहिली तर त्या मुलाला म्हणावं काकूंना सांग, डॉक्टरकडे न्यायला हवं. हे त्यालाच आधी कळणार, कारण बघतो तोच.