बॉसला नावाने हाक मारली म्हणजे बरोबरी झाली का?

जर्सीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "अमेरिकेत साहेबगिरी नाही. बॉसला नावाने हाक मारा, काम दाखवा, वर जा." वाचून राहवलं नाही. बावीस वर्षं इथे नोकरी करतोय. ज्याला नावाने हाक मारायचो त्याच बॉसने एका मंगळवारी सकाळी मला कॉलवर घेतलं. कॉल संपेपर्यंत लॅपटॉप लॉक. ड्रॉवरमधला डबा आणि मुलीचा फोटो आठवड्याने कुरिअरने आला. करार नसेल तर मॉन्टाना राज्य सोडून अमेरिकेत बाकी सगळीकडे कारण न सांगता काढता येतं. ही बरोबरी?

त्याआधी बेल कर्व्ह, म्हणजे दरवर्षी माणसांना ठरलेल्या टक्क्यांत वर-खाली बसवायचं. जनरल इलेक्ट्रिक (जीई) कंपनीचा प्रमुख असताना जॅक वेल्चने तिथे रुजवलेलं गणित: वरचे 20, मधले 70, तळाचे 10 टक्के बाहेर. आमच्यातल्या एकीने रात्री बंद पडलेलं कॉम्प्युटरवरचं काम परत सुरू करायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. मागितला तर म्हणाली, "आधी माझा अप्रेझल रिव्ह्यू होऊ दे." दुसऱ्याला मदत केली तर आपण खाली जाऊ, ही भीती. तिला तरी काय दोष देऊ? मायक्रोसॉफ्टनेही 2013 मध्ये ही बेल कर्व्ह बंद केली.

ऑस्टिनकर: बेल कर्व्ह काय फक्त इथेच आहे? पुण्यात सात वर्षं तेच भोगलं, वर साहेब निघेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. इथे पहिल्याच महिन्यात डायरेक्टरचा आकडा चुकलाय म्हणून भर मीटिंगमध्ये सांगितलं. त्याने फळ्यावर तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केला. पुण्यात माझं अप्रेझल गेलं असतं.

निवृत्त फोरमन: कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा मोटारींचा कारखाना बघा. जनरल मोटर्सने (जीएम) 1982 मध्ये बंद केला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तिथेच नुम्मी नावाची कंपनी सुरू झाली. बहुतेक कामगार तेच, युनियन तीच. पण आता दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क कामगाराला होता, काम गटाने व्हायचं. गाड्या सुधारल्या. माणसं वाईट नव्हती, चालवणारे वाईट होते.

दोन लेकरांची आई: रजेचं कुणीच बोलत नाही. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्याने बाळंतपणाला 12 आठवडे, तेही बिनपगारी, तेही कंपनीत 50 माणसं असतील तर. सिझेरियनचा टाका दुखत असताना सहाव्या आठवड्यात मी कामावर गेले. भारतात 2017 पासून 26 आठवडे पगारी आहेत.

ऑस्टिनकर: कागदावर! गरोदर आहे सांगितल्यावर माझ्या बहिणीला प्रोजेक्टवरून काढलं.

दोन लेकरांची आई: म्हणून इथलं बरं? तिला भांडायला कायदा तरी होता, मला काय होतं? टाके पडले नाहीत त्यांनी मला शिकवू नये.

ऑस्टिनकर: बरं, रजेचं मान्य. पण तोंड उघडायची मुभा इथेच मिळाली, हे मी सोडणार नाही.

जर्सीकर: एच-1बीवर, म्हणजे कंपनीच्या नावावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली की दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला फार तर 60 दिवस हातात. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी एकदाही तोंड उघडलं नाही. तुम्ही कोणत्या व्हिसावर होतात?

ऑस्टिनकर: बायको इथली नागरिक आहे. माझं ग्रीन कार्ड आधीच झालं होतं.