अनुभव धागा: गार्ड काढून ठेवलेली मशीनं

कुंडईचा फिटर:
मंडळी, गिरण, ग्राइंडर, पंप, बर्फाचं मशीन, ट्रॉलरवरचं विंच, घरातला मिक्सर, कायपण चालेल, फक्त तुमच्या डोळ्यासमोर घडलेलं पाहिजे, व्हॉट्सॅपवर फिरून आलेलं नको. कंपनीचं नाव नको, माणसाचंही नको, गोव्यातलं गाव सांगितलं की पुरे. आणि एवढं मात्र नक्की लिहा की त्यावेळी गार्ड, म्हणजे फिरत्या भागावरचं झाकण, कुठे होतं. कारण मी बघितलेल्या बहुतेक केसीत गार्ड हरवलेलं नसतं की मोडलेलं नसतं, तिथंच कोपऱ्यात बोल्टांसकट नीट ठेवलेलं असतं.

सुरवात मी करतो. आमच्या बाजूला ग्रील बनवणारा आहे, त्याच्याकडे चार इंची ग्राइंडर. जाड पाईप कापायला चकती पुरत नव्हती म्हणून गार्ड काढून सात इंची चकती लावली, मधलं भोक मोठं पडतं तर वॉशर घालून ॲडजस्ट केलं. आता हिशोब बघा, चार इंची ग्राइंडर फिरतं ११००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या आसपास आणि सात इंची चकतीवर ८५०० च्या वर फिरवू नका असं चक्क छापलेलं असतं. फुटली. एक तुकडा हेल्परच्या दंडात, दुसरा वरच्या शीटला भोक पाडून गेला. मालक सगळ्यांना सांगत सुटला की चकती डुप्लिकेट होती. चकती बरी होती, उरलेला तुकडा मी हातात घेऊन बघितलाय. त्याच तुकड्यावर मधे जी लोखंडी रिंग असते ना तिच्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ती एक्स्पायरी असते, साधारण बनवल्यापासून तीन वर्षं, आणि हे आयुष्यभर ग्राइंडर चालवणाऱ्यांनापण माहीत नसतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर ओला होतो, त्याच भिंतीला खिळ्यावर चकत्या टांगलेल्या. चकतीचे कण धरून ठेवणाऱ्या रेझिनला ओल लागली की चकती कच्ची पडते, दिसायला तशीच दिसते.

लिहा आता.

मालीमचा:
बर्फाचं. जेटीवर लादी फोडायचं मशीन असतं, वरून लादी टाकायची, आत काट्यांचा ड्रम फिरतो, खालून चुरा टोपल्यात. लादी कधी कधी तोंडात अडकते मग तिला ढकलायला लाकडी दांडा ठेवलेला असतो, पण दांडा नेमका बोटीवर कोणीतरी नेलेला असतो. ऑगस्टची सुरवात, मासेमारीची बंदी उठलेली, सगळ्या बोटींना एकदम बर्फ पाहिजे, मागे लाईन, सगळे बोंबलतायत घाल रे घाल. पोरगा बाहेरच्या राज्यातला, सीझनला नवीनच आलेला, त्याने हाताने ढकललं. दोन बोटं गेली. मशीनवर पिवळा स्टिकर होता म्हणतात, हाताचं चित्र असलेला, पण खाऱ्या वाऱ्यात आणि माशांच्या पाण्यात स्टिकर किती टिकणार, मी बघितला तेव्हा पांढरा कागद राहिला होता नुसता.

पुढची गोष्ट अजून वाईट. एक बोट सापडलं, आणि आजूबाजूला बर्फच बर्फ, तर आमच्यातल्याच एकाने शहाणपणा करून ते सरळ बर्फात घालून डबा भरून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. डॉक्टर म्हणाले आता हे लागत नाही.

रात्रपाळी नर्स:
वरच्या माणसाने लिहिलंय ते प्लीज सगळ्यांनी वाचा. तुटलेला भाग थेट बर्फात घालायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही. बर्फ थेट लागला की टिश्यू गोठून मरतो. स्वच्छ कपडा थोडा ओला करून त्यात गुंडाळायचं, ती पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. हातावर कपडा घट्ट दाबून धरायचा, हात वर ठेवायचा, १०८ ला फोन. हळद, कॉफी पावडर, चुना काय काय भरून आणतात लोक, आमचा पहिला अर्धा तास ते धुण्यात जातो. आणि अंगठी असेल तर सूज यायच्या आधी काढा. अंगठीवरून आठवलं, चालत्या ट्रकाच्या हौद्यातून उडी मारताना अंगठी हुकात अडकून बोटाची कातडी मोज्यासारखी निघालेली केस आलेली, त्याच्यावर स्टिकर कुठे लावणार सांगा.

कुडचड्याचा पात्रांव:
हे वाचून चाय थंड झाली बाय.

माशेलची वैनी:
आमच्या इथल्या गिरणीची सांगते. चवथीच्या आधीचे दिवस, नेवऱ्यांचं मोदकांचं दळण, गर्दी केवढी असते ते तुम्हाला माहीत आहे. गिरणीचा पट्टा उघडाच, मोटरीकडून जात्याकडे, आणि तिथून बायका ये जा करतात कारण दळलेल्या पिठाचे डबे त्याच बाजूला ठेवलेले. एका मुलीची ओढणी गेली पट्ट्यात. जुनी सुती ओढणी होती, फाटली म्हणून मान वाचली, गळ्याला लाल वळ मात्र कितीतरी दिवस होता. नायलॉनची असती तर मी हे असं लिहीत बसले नसते.

आता खरी मजा पुढे. गिरणवाल्याने दुसऱ्या दिवशी काय केलं असेल? बोर्ड लावला. ओढणी व पदर सांभाळा, अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही. पट्टा अजून तसाच. मी विचारलं तर म्हणे वैनी बोर्ड लावलाय ना. बोर्ड पेंटरकडे तासाभरात होतो, जाळी करायची तर वेल्डरला बोलवायला लागतं, माप घ्यायला लागतं, एक दिवस गिरण बंद. म्हणजे आता कोणाची ओढणी गेली तर तिचीच चूक, तिने वाचलं नाही.

कुंडईचा फिटर:
वैनी, अगदी बरोबर. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात कलम २१ होतं, फिरता भाग झाका, कुंपण घाला. बोर्ड लावला की सुटलात असं त्यात नव्हतं. आणि कलम २२ मधे चालू मशीनजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे, तेही मालकानेच द्यायचे, असं होतं. एकट्या गिरणवाल्याला तो कायदा लागत नव्हता ही गोष्ट वेगळी, पट्टा कायदा बघून फिरत नाही.

म्हापशेकर:
थोडा उलटा सूर लावतो. स्टिकर वाचत नाहीत म्हणून लोकांना शिव्या घालणं सोपं आहे, पण तुम्ही एकदा घरातल्या मिक्सरचं पुस्तक उघडा. पहिली चार पानं नुसत्या वॉर्निंगा, आंघोळ करताना वापरू नका, वायर चावू नका, आणि त्याच यादीत कुठेतरी मधे खरी कामाची ओळ, पातं काढताना प्लग काढा. शंभर फालतू गोष्टींमधे एक खरी लपवली की कोण वाचणार. शिडीवर तर पायऱ्यांपेक्षा स्टिकर जास्त. कंपनीला कोर्टात दाखवायला लागतं म्हणून लावतात, आपल्याला वाचवायला नव्हे. माझं दुकान आहे हार्डवेअरचं, गिऱ्हाईक ग्राइंडर घेतो आणि काउंटरवरच मला म्हणतो गार्ड काढून दे.

वेर्ण्याचा वायरमन:
म्हापशेकर, मग तुम्ही काढून देता की नाही ते पण लिहा हो.

माझा अनुभव लांब आहे. मी मेंटेनन्सला होतो, कुठे ते सोडा. मोठं मिक्सिंग मशीन, माणूस आत वाकून पातं साफ करतो असं. पॅनलवर पुठ्ठ्याचा बोर्ड टांगायचा, काम चालू आहे स्विच लावू नये, असा नियम. बोर्ड कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत काढला कारण बाजूच्या मशीनचा स्विच त्याच पॅनलमधे आणि बोर्ड आड येत होता. मग दुसऱ्याने आपला म्हणून भलताच स्विच ओढला. आतला मेकॅनिक नशिबाने त्या क्षणाला फडकं घ्यायला बाहेर आलेला. पातं फिरलं, फडकं त्याच्या हातात आणि आम्ही सगळे पांढरे. तेव्हापासून आमच्याकडे कुलूप सिस्टीम आली, जो आत जाणार त्याने मेन स्विच ऑफ करून त्यावर आपलं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात. तीन माणसं आत तर तीन कुलपं. अमेरिकेत हा नियम १९८९ सालापासून आहे म्हणे आम्हाला ट्रेनिंगला सांगितलेलं. पुठ्ठा काढायला हात लागतो, कुलूप काढायला त्या माणसालाच हाक मारायला लागते, फरक एवढाच आणि तेवढाच पुरतो.

दुसरं, पॉवर प्रेस, पत्रा दाबून आकार देणारं मशीन. त्याला दोन बटणं असतात लांब लांब, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. पीसवर पैसे असतात त्यामुळे पोरं एका बटणात काडेपेटीची काडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवतात आणि एका हाताने माल सारतात. दरवाज्याच्या सेन्सरला चुंबक चिकटवून ठेवतात, म्हणजे दार उघडं असलं तरी मशीनला वाटतं बंद आहे. सुपरवायझरला माहीत नसतं असं समजू नका, महिनाअखेरीला टार्गेट त्याचंपण असतं. आणि मशीनवर जे काय लिहिलंय ते जर्मनमधे, नाहीतर चिनी, खाली इंग्लिश, चालवणारा ओडिशाचा नाहीतर झारखंडचा. त्याला शिकवणारा म्हणजे त्याच्या आधी आलेला त्याचाच गाववाला, आणि पहिल्या दिवशी शिकवतो काय तर काडी कुठे खुपसायची.

अजून एक राहिलं, टाकीत किंवा बॉयलरच्या पोटात उतरताना २४ व्होल्टच्या वरचा हँडलॅम्प न्यायचा नाही हे पण त्याच फॅक्टरी ॲक्टात होतं, आमचे लोक घरचा २३० चा होल्डर वायरला बांधून उतरायचे, घामाने भिजलेले, चारी बाजूंनी लोखंड.

म्हापशेकर:
काढून देत नाही. बाहेर रस्त्यावर जाऊन तो स्वतःच काढतो.

प्रियोळचं कुळागर:
आमच्याकडे पंपाचं झालं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की वरून पेट्रोल पंप खेचेना, म्हणून पंपच दोरीने आतल्या कठड्यावर उतरवला. पंपाच्या टाकीवर लिहिलेलं बंद जागेत चालवू नये. आता विहिरीला वरून छप्पर नाही म्हणजे ती बंद जागा नाही असं आमच्या बाप्पांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच लोकांना असंच वाटतं. पंप थोडा वेळ चालला, मग बंद पडला, बघायला गडी उतरला आणि दोन मिनिटांत बसूनच राहिला. हाक मारली तर ओ नाही. दुसरा उतरायला निघाला त्याला बाप्पांनीच धरून ठेवलं, ते एक त्यांचं मोठं काम. वर जे होते त्यांनी पहिल्याची दोरी कमरेला होती म्हणून ओढून काढलं. जगला. उलट्या आणि डोकेदुखी दोन दिवस.

नंतर फायर ब्रिगेडवाल्याने समजावलं ते मला नवीन होतं. आपल्याकडे जुने लोक विहिरीत आधी कंदील सोडतात, विझला तर उतरायचं नाही. ऑक्सिजन कमी असेल तर तो विझतो, ठीक, पण इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला कंदील मस्त जळत राहतो आणि माणूस मरतो. वास नाही, रंग नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे थोडासा असला तरी पुरतो.

ताळगांवची:
तौक्ते आलेलं तेव्हा, मे २०२१, लाईट जाऊन किती दिवस झाले ते आठवतंय ना. बाजूच्या बिल्डिंगीत एकाने भाड्याने जनरेटर आणला आणि पाऊस लागतो म्हणून पॅसेजमधे ठेवला, खिडकी उघडी ठेवली म्हणे. वरच्या मजल्यावरची म्हातारी आणि तिची नात दोघींना सकाळी उठवेना, शेजारणीने आवाज येत नाही बघून दार फोडायला लावलं म्हणून निभावलं. जनरेटरवर स्टिकर होता. भाड्याच्या वस्तूचं स्टिकर कोण वाचतो.

डिचोलीचा टिप्पर:
आमच्या लाईनीतलं कोणीच लिहिलं नाही म्हणून. टायरची लॉक रिंग. ट्रकाच्या जुन्या रिमला लोखंडी रिंग असते, ती नीट न बसता हवा भरली तर १०० पीएसआय दाबाला सुटते, तोफच. २०१२ मधे खाणी बंद व्हायच्या आधी आमच्या पट्ट्यात रस्त्याला गॅरेजच गॅरेज होती आणि चोवीस तास टायर निघायचे, हवा भरताना टायर ज्यात ठेवायचा तो लोखंडी पिंजरा कोणाकडेच नव्हता. एका गॅरेजवाल्याने फक्त रिमच्या भोकातून पहार घालून, रिंग जमिनीकडे करून भरायची सवय लावलेली पोरांना, त्याला सगळे हसायचे, टाईमपास करतो म्हणून. त्याच्याकडे कधी काय झालं नाही. समोरच्याकडे छपराचा पत्रा फाडून रिंग गेली, पोरगा वाकलेला नव्हता म्हणून वाचला. आणि नट सोडवायच्या आधी हवा सोडा रे, जोड टायर असतील तर दोन्हींची.

हौदा वर करताना वर बघा हे तर काय सांगायचं. ११००० व्होल्टची लाईन लागली तर केबिनमधेच बसून राहा, लाईन बंद करेपर्यंत कोणाला गाडीला हात लावू देऊ नका. आग लागली तरच उडी, ती पण दोन पाय जुळवून, गाडी आणि जमीन एकदम धरायची नाही, आणि पुढे पण पाय जुळवूनच सरकत जायचं.

कुंडईचा फिटर:
टिप्पर भाऊ, हे शेवटचं गावागावात सांगायला पाहिजे, कारण दिवाळीला नरकासुराचा मोठा पुतळा करून फिरवणाऱ्या पोरांना पण तेच लागू आहे.

फोंड्याचा नरकासुर:
मला वाटलंच माझं नाव निघणार. आमचा हलता असतो, मान, हात, जीभ, सगळं. मोटर, गिअर बॉक्स, सायकलची चेन, पाईपचा सांगाडा वेल्डिंग करून. रात्रभर जागलेली पोरं, वरून कागद आणि कपडा लावला की आतली चेन दिसत नाही, आणि शेवटच्या क्षणाला हात अडकला की कोणीतरी आत शिरतो, मोटर चालू ठेवूनच, कारण बंद केली तर कुठे अडकतंय ते कळत नाही. एकाचं बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या मधे गेलं. मोटरीचा स्विच बाहेर, जनरेटरच्या पाठीमागे, तिथला पोरगा डीजेच्या आवाजात काय ऐकणार. चेन शेवटी उलटी फिरवून काढलं, नख गेलं, हाड वाचलं.

उंचीचं म्हणाल तर आम्ही आता आधी रस्ता चालून बघतो, कुठे वायर खाली लोंबतेय ते बघून सांगाडा त्यापेक्षा बराच बुटका करतो, त्यावरून दरवर्षी भांडण होतं कारण बाजूच्या वाड्याचा मोठा दिसतो. काठीने वायर वर उचलणारा माणूस असतो ना पुढे, ते आम्ही बंदच केलं, बांबू दवात भिजलेला असतो.

चेनीला यंदा पत्र्याचं कव्हर करतोय. आणखी एक पाहिजे होतं, ते लाल मोठं स्टॉप बटण असतं बघा मशीनवर, दाबलं की अडकून राहणारं, सांगाड्याच्या आत लावायचंय, जो शिरेल त्याच्या हाताशी. कुंडईला किंवा वेर्ण्याला कोणाकडे भंगारात निघालेलं चालू कंडिशनचं असेल तर सांगा, मी येऊन नेतो.

वेर्ण्याचा वायरमन:
आहे. पण जनरेटरच्या लाईनीत सरळ घालू नकोस, काँटॅक्टर, म्हणजे मोटरीचा करंट जोडणारा तोडणारा स्विच, लागेल मधे, मोटर किती एचपीची आहे ते आधी लिही.