पुनावळे की रावेत? ४२ सुविधांसाठी १५ लाख जास्त द्यावेत का?

चाकण_शिफ्ट

नमस्कार मंडळी. पहिलंच घर घेतोय. घरात याआधी कुणी फ्लॅट घेतलेला नाही, म्हणून इथे विचारतोय.

मी चाकणला एका पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, तिन्ही शिफ्ट असतात. बायको नर्स आहे. मुलगा दीड वर्षाचा. आई-बाबा औशाला असतात, वर्षातून तीन-चार महिने आमच्याकडे येतात. आत्ता चिंचवडला भाड्याने राहतो.

दोन घरांवर येऊन अडलोय.

पहिलं पुनावळ्यात, २२ मजली टॉवर, काम चालू आहे. टू बीएचके, ६५५ फूट कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा), ७९ लाख. वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ९५ हजार. स्विमिंग पूल, जिम, क्लब हाऊस, मिनी थिएटर धरून यादीत ४२ सुविधा आहेत. मेंटेनन्स कार्पेटवर साडेसहा रुपये फूट, म्हणजे महिना साधारण ४,२५०.

दुसरं रावेतला, पाच वर्षं जुनी सात मजली इमारत, २८ फ्लॅट. ६४० कार्पेट, ६८ लाख. कम्प्लीशन, म्हणजे इमारत पूर्ण झाल्याचा दाखला, मिळालेलं असल्यामुळे जीएसटी नाही. मेंटेनन्स १,८००. सुविधा म्हणाल तर लिफ्ट, पार्किंग आणि गच्ची.

फरक जवळजवळ १५ लाखांचा आणि तो सगळा कर्जातच जाणार. बँकेने साडेआठ टक्के सांगितलेत. २० वर्षांना हप्ता १३ हजारांनी वाढतो, मेंटेनन्सचा फरक धरला तर महिना १५,४५०. बायको म्हणते मुलगा मोठा होईल तेव्हा त्याला खेळायला जागा हवी. तिचं खोटं नाही. पण माझा जीव त्या आकड्यात अडकलाय. जे राहून बसलेत त्यांनी सांगा.

माजी_खजिनदार_वाकड

दादा, वाकडला ३३६ फ्लॅटच्या सोसायटीत चार वर्षं खजिनदार होतो. महिन्याची बिलं माझ्या सहीने जायची, तेव्हा आकड्यांनीच बोलतो.

लोक पूलला घाबरतात. आमच्या पूलला लाइफगार्ड, क्लोरीन, फिल्टरच्या मोटरची वीज असं सगळं मिळून महिना ५८ हजार लागायचे. ३३६ने भागा, घरटी १७३ रुपये. हाच पूल ६० फ्लॅटच्या इमारतीत असता तर घरटी ९६७. म्हणून सुविधा किती हे नंतर विचारा, त्या किती घरांत वाटल्या जाणार ते आधी विचारा. सगळ्यात वाईट अवस्था मधल्या प्रकल्पांची होते. ८०-९० फ्लॅट आणि यादी मोठ्या टाउनशिपची. तिथे पाचव्या-सहाव्या वर्षी पूल कोरडा ठेवायचा ठराव येतो, हे मी शेजारच्या दोन सोसायट्यांत पाहिलंय.

आता खरा खर्च सांगतो. पाणी. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. गेल्या एप्रिल-मेमध्ये आम्ही दिवसाला १४ टँकर घेत होतो, ११०० रुपयांनी. महिन्याला ४ लाख ६२ हजार, म्हणजे घरटी १,३७५. पूलच्या आठपट! ही गोष्ट कुठल्याही ब्रोशरमध्ये छापत नाहीत. दोन्हीकडे वॉचमनच्या केबिनमध्ये टँकरची वही असते. मे महिन्याची पानं बघायला मागा. पुनावळ्याला काम चालू आहे, तर त्याच बिल्डरच्या आधीच्या इमारतीत जाऊन मागा.

दुसरं, साडेसहा रुपये फूट हा दर हँडओव्हरपर्यंतचा, म्हणजे बिल्डर कारभार रहिवाशांकडे सोपवेपर्यंतचा समजा. सहकारी सोसायटी झाली की सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखे बसतात, थ्री बीएचके असो की टू. प्रकल्पात मोठे फ्लॅट जास्त असतील तर तुमच्यासारख्याचा भार वाढतो. सोसायटीऐवजी फ्लॅटमालकांची अपार्टमेंट संघटना झाली तर ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. काय होणार आहे ते करारात वाचा. आणि मेंटेनन्स घरटी महिना ७,५०० च्या वर गेला की मोठ्या सोसायटीत १८ टक्के जीएसटी लागतो, तेही ध्यानात असू द्या. २२ मजल्यांना फायर पंप, जादा लिफ्ट, जनरेटर, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) हे टाळता येत नाही. फायरचा बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी-जुलैला भरावाच लागतो. हा खर्च उंचीचा आहे, थिएटर बंद केलं म्हणून तो कमी होत नाही.

खराडीची_आई

मी दुसरी बाजू सांगते, कारण आम्ही अशाच मोठ्या सोसायटीत घर घेतलं आणि मला पस्तावा नाही.

जिम, थिएटर आमच्याकडून वापरलं जात नाही. पण गाड्या सगळ्या तळघरात आणि वर मोकळी बाग, त्यामुळे माझी चार वर्षांची मुलगी संध्याकाळी एकटी खाली पळते आणि मी खिडकीतून बघते. सासूबाई अंबाजोगाईहून आल्या तेव्हा पहिले दोन महिने नुसत्या बसून असायच्या. मग क्लब हाऊसमध्ये गुरुवारचं भजन सापडलं. आता त्या गावी जायचं नाव काढत नाहीत. भाऊ, तुमचे आई-बाबा औशाहून येऊन राहणार असतील तर याची किंमत करा.

मात्र क्लब हाऊस आम्हाला पझेशननंतर, म्हणजे घराचा ताबा मिळाल्यावर, तीन वर्षांनी मिळालं. ते प्रकल्पाच्या शेवटच्या फेजमध्ये (टप्प्यात) होतं आणि त्या फेजचा महारेरा नंबर, म्हणजे सरकारी गृहप्रकल्प नोंदणीचा नंबरच वेगळा होता. आम्ही आमच्याच नंबरचं पान बघून खूश होतो. २०२४ पासून करारासोबत सुविधांचं परिशिष्ट सक्तीचं आहे, कोणती सुविधा कधी मिळणार ते तारखेसह. ते हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे देऊ नका, तसे घेणं कायद्याने चालत नाही.

रावेत_सहा_वर्षं

आमचीही ३० फ्लॅटचीच इमारत. मागच्या पावसात एकुलती लिफ्ट ११ दिवस बंद होती. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तेव्हाच झालं होतं, डॉक्टरकडे न्यायला दोन वेळा खुर्चीवरून उतरवले. उतरवायला शेजारचेच आले, हेही सांगतो. लिफ्ट दोन आहेत का बघा, आणि जमिनीखालची टाकी दोन दिवस पुरते का ते बघा. बाकी पोरं पार्किंगमध्ये खेळतात, गाड्या येत-जात असतात, त्याची काळजी मलाही वाटते.

चाकण_शिफ्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आई-बाबांच्या बाबतीत तुम्ही लिहिलंत ते बायकोला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही.

रावेतला लिफ्ट एकच आहे, आत्ताच एजंटला फोन करून विचारलं. पुनावळ्यात या फेजला ११२ फ्लॅट, आणि क्लब हाऊस पुढच्या फेजमध्ये. खजिनदारकाका, म्हणजे तुमचं ते भागाकाराचं गणित मला पुढची फेज होईपर्यंत ११२ नेच करावं लागेल ना? रविवारी सुट्टी आहे. सकाळी त्याच बिल्डरच्या ताथवड्याच्या इमारतीत टँकरची वही बघायला जातो. रावेतजवळ एखादी दोन लिफ्टची, आत बाग असलेली शंभरेक फ्लॅटची तयार सोसायटी कुणाच्या माहितीत असेल तर कळवा, ७२ लाखांपर्यंत जमेल.