मदत हवी आहे: द्राक्षाच्या यंत्राचं पेटंट, पण चिलीत?

नमस्कार मंडळी. अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षाचे घड जीएत (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात) बुडवायला मजूर मिळेनात, म्हणून भावाने डिपिंगचं यंत्र बनवलं. नऊ महिन्यांपूर्वी १६०० रुपये भरून पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केला. पूर्ण अर्जाची मुदत १२ महिने, म्हणजे तीनच उरले. आता पिंपळगावचा एक निर्यातदार म्हणतो, चिलीत गिऱ्हाईक आहे. आपलं पेटंट तिकडे चालत नाही, 'जागतिक पेटंट' नावाची चीजच नाही, एवढं कळलं. (एक एजंट मात्र तेच विकत होता!) पीसीटीतून (अनेक देशांसाठी एकच अर्ज करायच्या आंतरराष्ट्रीय करारातून) गेलं तर त्या त्या देशात जायला पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३० महिने मिळतात, पण खर्च दणदणीत. एकाच देशासाठी थेट तिथेच अर्ज करावा का? कुणी स्वतः केलंय? आणि भावाला यंत्राचा व्हिडिओ टाकायची घाई झालीय, त्याने पेटंटला धोका असेल तर त्याला थांबवू का?