मदत हवी आहे: टेस्टच्या अरुंद वळणात स्टिअरिंग आणि वेग एकत्र सांभाळले जात नाहीत

नमस्कार मंडळी,

चारचाकीच्या टेस्टमध्ये काल दुसऱ्यांदा नापास झाले. तिसरी टेस्ट तीन आठवड्यांवर आलीय, म्हणून विचारतेय. गाडी पेट्रोल, गिअरवाली.

सरळ रस्त्यावर काही अडचण नाही. गिअर, आरसे, इंडिकेटर, चढावर हँडब्रेक लावून गाडी उचलणं, सगळं जमतं. घोडं अडतं ते कोन (प्लास्टिकचे शंकू) मांडलेल्या ‘एस’ आकाराच्या वळणात. पहिलं वळण बरं निघतं. दुसऱ्यासाठी स्टिअरिंग उलट फिरवेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते, मग हातांची घाई होते, चाकं किती वळलीत तेच कळेनासं होतं आणि मागचं चाक आतल्या कोनाला लागतं. पहिल्या टेस्टला हेच झालं. काल तीच धास्ती होती, म्हणून मधेच ब्रेक दाबला, क्लच दाबायचा राहिला आणि गाडी बंद पडली.

शिकवणारे सर म्हणतात, हात भरभर चालव. भाऊ म्हणतो, थोडा ॲक्सिलरेटर दे म्हणजे बंद पडणार नाही. दोन्ही करून पाहिलं, गोंधळ वाढतोच. वळणात पाय नक्की कुठे असावेत? आणि स्टिअरिंग सरळ झालं की नाही हे खाली न बघता कसं ओळखायचं? खूप मनावर घेतलंय मी हे, कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमचे हात ठीक आहेत, गाडीच जास्त वेगात आहे. आधी क्लचवर काम करा.

सपाट मोकळ्या जागी पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला पाय लावूच नका. टाच जमिनीवर टेकवून क्लच सावकाश सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडीत बारीक थरथर येते. तो हाफ क्लच. पाय तिथेच धरला की गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. क्लच जरासा दाबला की मंदावते, जरासा सोडला की पुढे जाते. एवढ्या कमी वेगात चालवायचं तेव्हा वेग क्लचच्या पायानेच राखायचा, उजवा पाय ब्रेकवर नुसता तयार ठेवायचा. थांबायचं झालं तर आधी क्लच पूर्ण दाबा, लगेच ब्रेक. मग गाडी बंद पडणार नाही. हा सराव पाच-दहा मिनिटंच करा, क्लच प्लेट तापते. जळका वास आला तर लगेच थांबा.

आता स्टिअरिंग. बहुतेक गाड्यांत ते मधून एका टोकापर्यंत साधारण दीड फेरा जातं. तुमच्या गाडीत किती जातं ते एकदा मोजून ठेवा. सरावापुरती स्टिअरिंगच्या माथ्यावर चिकटपट्टी लावा, पण नजर पुढेच ठेवून तोंडाने मोजत जा: अर्धा, एक, परत अर्धा, सरळ. दुसरं म्हणजे, वेगात असताना वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मागे फिरतं, पण इतक्या हळू चालताना ते पुरतं परतत नाही. ते हातानेच आणावं लागतं. तुमचं दुसरं वळण बहुधा इथेच चुकतंय, कारण पहिल्याचा फेरा अंगावर बाकी असतो.

मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत जात नाहीत, आतून जातात. म्हणून डावीकडे वळताना गाडी उजव्या कोनांच्या जवळ ठेवा आणि वळायला घाई करू नका. उजवीकडे वळताना याच्या उलट.

रस्त्यावरच्या नेहमीच्या वळणाला मात्र हाफ क्लच नको. तिथे ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधी सरळ रेषेतच उरकायचे, क्लच पूर्ण सोडायचा आणि मगच वळायचं.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर घालते. कोनाकडे टक लावून पाहिलं की गाडी कोनाकडेच जाते. पहिल्या वळणात असतानाच नजर दुसऱ्याच्या तोंडाशी न्या, हात मागोमाग जातात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी करून पाहिलं. माझी टाच आजवर हवेतच असायची, म्हणून पाय थरथरायचा आणि क्लच एकदम सुटायचा! टाच टेकवल्यावर दहापैकी सात वेळा कोनाला न लागता बाहेर आले. उरलेल्या तीन वेळा स्टिअरिंग पूर्ण सरळ न करताच उलट फिरवलं होतं.

रिव्हर्समध्येही क्लच असाच धरायचा का? मागे वळताना पुढचा बंपर कोनाला लागतो.

प्रतिसाद १

हो, तसाच. फक्त रिव्हर्समध्ये गाडीचं नाक वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, त्यामुळे मागे बघता बघता पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडेही नजर टाकत राहा. शंका आली की पूर्ण थांबा, बघा, मग पुढचा अर्धा फेरा.