मदत हवी आहे : नोकरी सांभाळून मानसशास्त्रात पीएच.डी. आणि मापनीच्या भाषेचा प्रश्न

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी वडोदऱ्यात एका शाळेत पूर्णवेळ समुपदेशक आहे. दांडिया बाजार आणि रावपुरा भागातील जुन्या मराठी घरांत, मुले परदेशी गेल्यावर मागे राहिलेल्या ज्येष्ठांच्या एकाकीपणावर मला पीएच.डी. करायची आहे, माझ्या आजीची शेवटची वर्षे जवळून पाहिल्यापासून हा विषय मनात आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ संशोधन करता येते, हे मी वाचले आहे. नेटची (प्राध्यापकपद व संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) तयारीही सुरू आहे.

माझी खरी अडचण मापनीची, म्हणजे एकाकीपणा मोजणाऱ्या विधानांच्या प्रश्नावलीची आहे. यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) एकाकीपणा मापनीची १९९६ मधील २० विधानांची आवृत्ती वापरण्याचा माझा विचार आहे. आधी मराठी भाषांतर, मग दुसऱ्या जाणकाराकडून इंग्रजीत उलट भाषांतर, ही पद्धत मला माहीत आहे. परंतु इथले ज्येष्ठ मराठी बोलताना गुजराती शब्द इतक्या सहज मिसळतात की पुस्तकी मराठीतील विधान त्यांना परके वाटेल, अशी मला भीती वाटते. शिवाय ‘एकटे राहणे’ आणि ‘एकटे वाटणे’ यांतला फरक, जो या विषयाचा गाभाच आहे, उत्तरात पुसला जाऊ नये.

महाराष्ट्रातील नमुन्यावर तपासलेले भाषांतर इथे चालेल, की विश्वसनीयता (उत्तरांतील सातत्य) आणि वैधता (जे मोजायचे तेच मोजले जाते का) नव्याने तपासावी लागेल? मूळ मापनीकर्त्यांची परवानगी कोणत्या टप्प्यावर मागावी? ज्यांनी अर्धवेळ पीएच.डी. केली आहे, त्यांनी क्षेत्रकार्यासाठी रजेची व्यवस्था कशी केली, हेही कृपया सविस्तर कळवावे.